मृग नक्षत्र, १३५ मिमी: ट्रॅकर असूनही तारे लांबट, आणि घोड्याचं डोकं गायब

रात्रपाळी
मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे, ज्वाला तेजोमेघ, अश्वमुख (घोड्याच्या डोक्यासारखा काळा ढग) आणि खाली एम४२ (मृगातला मोठा तेजोमेघ) हे सगळं एकाच चौकटीत बसवायचं आहे. आकडे आधीच देऊन टाकतो.

कॅमेरा एपीएस-सी, २४ मेगापिक्सेल, पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, आतल्या फिल्टरला हात लावलेला नाही. लेन्स १३५ मिमी एफ/२, पूर्ण उघडी. तिपाईवर छोटा स्टार ट्रॅकर (आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र), गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून चूक आपोआप दुरुस्त करणं) नाही. ट्रॅकरच्या पोलर स्कोपमधून ध्रुवतारा बघून पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखणं. चौकटीची लांब बाजू उत्तर-दक्षिण. आयएसओ १६००, १२० सेकंदांच्या ४५ फ्रेम, मधे २ सेकंदांचं अंतर. शहराच्या कडेचं आकाश, चंद्र नव्हता. हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) टेकडी डावीकडून दोन तृतीयांशावर. डार्क (टोपी लावून घेतलेल्या फ्रेम) १०, दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत घेतलेले. फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) आणि बायस (टोपी लावून सर्वात जलद शटरच्या फ्रेम) नाहीत. स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक बसवून एक चित्र करणं, डीपस्कायस्टॅकर प्रोग्राममध्ये.

आता अडचणी.
१) तारे लांबट. वाईट फ्रेममध्ये ७ पिक्सेलपर्यंत. साधारण दर पाच फ्रेममागे एक-दोन बऱ्या निघतात, पण त्यांतही तारे ३ पिक्सेल ताणलेले, आणि ताण वेगळ्याच दिशेला.
२) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये सगळं चित्र लांब बाजूच्या दिशेने सुमारे १४० पिक्सेल सरकलेलं.
३) स्टॅक ताणला (मंद भाग उजळवला) की पार्श्वभूमीवर पावसासारख्या बारीक समांतर रेघा.
४) एम४२ आहे, पण मधला भाग पांढराफटक. ज्वाला पुसटशी. घोडा नाहीच.

एक्स्पोजर ४ मिनिटांपर्यंत वाढवलं तर घोडा येईल का, की आधी दुसरं काही बघावं?

पुनर्वसू
वाढवू नका, उलट कमी करा. आकडे दिलेत ते बरं केलंत, निदान बरंचसं त्यातच आहे.

आधी मोजपट्टी. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.३ ने गुणा, फोकल लेंथने भागा. ३.९ × २०६.३ ÷ १३५, म्हणजे तुमचा एक पिक्सेल जवळपास ६ विकलांचा (६० विकला म्हणजे १ कला, ६० कला म्हणजे १ अंश). आकाश खगोलीय विषुववृत्तावर सेकंदाला १५ विकला सरकतं, आणि बाणाचा वरचा तारा विषुववृत्तापासून जेमतेम १८ कलांवर आहे. ट्रॅकरच्या चुका लपवायला ही आकाशातली सगळ्यात वाईट जागा, पण चुका ओळखायला सगळ्यात सोयीची. कारण इथे दोन मुख्य दोष दोन काटकोनी दिशांना वेगळे होतात: गिअरचा दोष पूर्व-पश्चिम दिसतो, पोलर अलाइनमेंटचा उत्तर-दक्षिण.

पूर्व-पश्चिम कुठे आहे हे नक्की करायला ट्रॅकर बंद करून एक २० सेकंदांची फ्रेम घ्या. तारे ५० पिक्सेलच्या रेघा ओढतील, ती पूर्व-पश्चिम. बाणाच्या तीन ताऱ्यांची ओळ पूर्व-पश्चिम धरू नका, ती ३७ अंशांच्या आसपास तिरकी आहे.

गिअरचा दोष असा. या छोट्या ट्रॅकरमध्ये बऱ्याचदा १४४ दातांचं चाक असतं. तसं असेल तर ते फिरवणाऱ्या वर्मचा (स्क्रूसारख्या गिअरचा) एक फेरा ५९८ सेकंदांचा, म्हणजे १० मिनिटांचा. या फेऱ्यात ट्रॅकर थोडा पुढे धावतो, मग मागे रेंगाळतो. ही चूक टोकापासून टोकापर्यंत ६० विकला धरली, तर १२० सेकंदांत तारा वाईटात वाईट ३५ विकला सरकतो, म्हणजे ६ पिक्सेल. पण लाटेच्या माथ्यावर किंवा तळाशी उघडलेल्या फ्रेममध्ये तो एकच पिक्सेल हलतो. १२२ सेकंदांचा टप्पा आणि ६०० सेकंदांची लाट, म्हणून तुमच्या बऱ्या फ्रेम पाचाच्या हिशोबाने येतात. ३० सेकंद केलंत तर तीच वाईटात वाईट चूक दीड पिक्सेलवर येते. ६० सेकंदांना ३ पिक्सेल. गाइडिंगशिवाय १३५ मिमीला ३० सेकंद हा आकडा इथून आला, हवेतून नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. १४० पिक्सेल म्हणजे ८४० विकला, ९० मिनिटांत. मिनिटाला ९.३. पोलर अलाइनमेंट एका कलेने चुकली की विषुववृत्ताजवळ मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकला सरक येते. भागाकार केला तर तुमची चूक किमान ३५-३६ कला निघते. आता बघा, ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून आहे जवळपास ३८ कलांवर. मला दाट शंका आहे की ध्रुवतारा क्रॉसच्या बरोबर मध्यावर आणला गेलाय. तो मध्यावर नसतोच ठेवायचा. मध्याभोवती जे छोटं वर्तुळ कोरलेलं असतं, त्याच्या परिघावर, त्या वेळच्या तासाच्या जागी तो यायला हवा. जागा ॲपवर कळते. फक्त पोलर स्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं, आणि ॲपमध्ये तसं दाखवायचं वेगळं बटण असतं. ते तपासलं नाही तर तारा वर्तुळाच्या बरोबर विरुद्ध बाजूला जातो आणि चूक दुप्पट होते.

हीच सरक १२० सेकंदांत ३ पिक्सेल देते. तुमच्या बऱ्या फ्रेममधला तो "वेगळ्याच दिशेचा" ताण हाच.

कॅमेरा चढवल्यावर आणि मृगाकडे वळवल्यावर ध्रुवतारा पुन्हा बघायचा. लेन्सच्या वजनाने तिपाईचं डोकं बसतं आणि आधी केलेली मेहनत जाते. चूक ५ कलांच्या आत आली की ३० सेकंदांच्या फ्रेमला पोलर अलाइनमेंटची काळजी करायचं कारण नाही.

त्रिशंकू
पुनर्वसू यांच्याशी सहमत. थोडी भर.

ध्रुवतारा झाडामागे किंवा इमारतीमागे असेल तर मृगच अलाइनमेंटला वापरता येतो. बाणाजवळचा तारा याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना लाइव्ह व्ह्यूमध्ये १०× करून ५ मिनिटं बघा. तारा चौकटीत दक्षिणेकडे घसरला तर ट्रॅकरचा अक्ष पूर्वेकडे जास्त वळलाय, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. संध्याकाळी मृग पूर्वेला वर येत असताना हेच करा: दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे तर वर. (हे उत्तर गोलार्धासाठी.) ५ मिनिटांत १० विकला सरकला तर ८ कलांच्या आसपास चूक आहे, १३५ मिमीला चालून जाईल.

ट्रॅकर चालू केल्या केल्या पहिली फ्रेम घेऊ नका. गिअरमधली मोकळीक भरून निघायला एक-दोन मिनिटं जातात. आणि तोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात. अगदी काट्यावर तोललेला कॅमेरा वाऱ्याच्या झुळकीने पुढेमागे डुलतो.

एक खुळचट वाटणारी पण नेहमी घडणारी चूक: ट्रॅकरवर अर्ध्या वेगाचं, सूर्याचं आणि चंद्राचं असे वेगवेगळे मोड असतात. ताऱ्यांचा मोड आहे ना, ते अंधारात पुन्हा एकदा बघा. अर्धा वेग असता तर तुमच्या रेघा शंभर पिक्सेलच्या वर गेल्या असत्या, म्हणून तुमच्याकडे ते नाही. पण पुढे कोणी धागा वाचेल म्हणून लिहून ठेवतो.

काळोखातला
घोड्याबद्दल लिहितो, तो विषय वेगळा आहे.

घोडा स्वतः प्रकाश देत नाही. तो धुळीचा काळा ढग, बार्नर्ड ३३. मागे आयसी ४३४ हा हायड्रोजनचा लाल पडदा आहे म्हणून तो दिसतो. पडदा उजळला नाही तर काळ्यावर काळं. आणि पडद्याचा प्रकाश जवळपास सगळा ६५६.३ नॅनोमीटरला, गडद लाल. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर जो फिल्टर असतो, तो माणसाच्या डोळ्यासारखे रंग यावेत म्हणून नेमका हाच पट्टा कापतो. बहुतेक मॉडेलमध्ये चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी आत येतो. त्यावर सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरांच्या बायर जाळीत लाल पिक्सेल चारातला एक. एम४२ आला आणि घोडा नाही, यात काहीच आश्चर्य नाही. एम४२ कितीतरी पट तेजस्वी आहे, शिवाय तो हिरव्या-निळ्यातही प्रकाश देतो.

आता कुठे बघायचं. बाणाचा सगळ्यात खालचा, पूर्वेकडचा तारा धरा. त्याच्या लगेच पूर्वेला ज्वाला. त्याच ताऱ्यापासून दक्षिणेला अर्धा अंश, म्हणजे तुमच्या मोजपट्टीने ३०० पिक्सेल गेलात की घोडा. त्याची उंची ८ कलांच्या आसपास, म्हणून तुमच्या चित्रात जेमतेम ८० पिक्सेल. पूर्ण चित्र स्क्रीनवर बसवून शोधाल तर डाग समजून पुढे जाल. शंभर टक्के झूम करून, फक्त लाल चॅनेल उघडून बघा. माझा अंदाज, आत्ताच्या स्टॅकमध्येही तो पुसट असेल. आकाशाच्या केशरी उजेडाखाली गाडला गेलाय इतकंच.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर: ४ मिनिटांनी घोडा येणार नाही. १२० सेकंदांनाच टेकडी दोन तृतीयांशावर आहे, आणखी वाढवलंत तर आकाशच पांढरं होईल आणि ताऱ्यांचे रंग जातील. वाढवायचा तो एकूण वेळ. एकेका फ्रेमला एवढंच लागतं की आकाशाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या रीड नॉइजपेक्षा (फ्रेम वाचताना येणाऱ्या गोंगाटापेक्षा) बराच वर जावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर टेकडी डावीकडून पाव ते एक तृतीयांशावर आली की ते झालं. तुमच्या आकाशाला एफ/२.८, ३० सेकंद, आयएसओ १६०० पुरेल. प्रकाश आठपट कमी होतोय, पण टेकडी शून्याला चिकटणार नाही, पावावर येईल, कारण तो हिस्टोग्राम सरळ रेषेत नसतो. त्याहून उजवीकडे राहिली तर आयएसओ ८०० करा.

मग ३६० फ्रेम, म्हणजे ३ तास. दोन-तीन रात्रींत मिळून घेतल्या तरी चालतं, चौकट तीच ठेवा. वेळ चौपट केला की गोंगाट निम्मा होतो, त्यामुळे पहिला तास खूप देतो, पाचवा फार थोडं.

मृग याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंना असतो तेवढा वेळ वापरा. क्षितिजापासून ३० अंशांवर दुप्पट जाडीची हवा लागते, त्याखालच्या फ्रेम फेकून दिल्या तरी नुकसान नाही. डिसेंबरच्या मध्याला तो मध्यरात्री माथ्याच्या रेषेवर येतो, आणि पुढे रोज ४ मिनिटं आधी.

अवांतर: हे डोकं पहिल्यांदा लक्षात आलं ते विल्यमिना फ्लेमिंग यांच्या, १८८८ साली, हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या प्लेटवर. दुर्बिणीला डोळा लावून तो आजही फार कठीण आहे, छायाचित्रातच सापडणारी वस्तू आहे ती.

त्रिशंकू
एफ/२.८ बद्दल थोडं वेगळं मत. पाती मिटवून एफ/२.८ केलं की प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला टोकं फुटतात. नऊ पात्यांच्या लेन्सला अठरा, आठ पात्यांच्याला आठ. बाणाचे तिन्ही तारे काटेरी दिसतात आणि ज्वालेवर त्यांचे किरण पडतात. लेन्स उघडीच ठेवून समोरच्या फिल्टरच्या आट्यांवर ४९ मिमीपर्यंत उतरणारी रिंग लावा. १३५ भागिले ४९, म्हणजे एफ/२.७५. छिद्र गोल, टोकं नाहीत, कोपऱ्यांतले पक्ष्यासारखे पसरलेले तारेही आवरतात. कोपरे थोडे काळवंडतील, ते फ्लॅटने निघतात.

अर्थात काहींना टोकं आवडतात. चवीचा प्रश्न.

पुनर्वसू
रिंगला +१.

आता रेघांचं. त्या पावसाचं कारण तुमची तीच १४० पिक्सेलची सरक आहे. सेन्सरवरचे गरम पिक्सेल आणि ठरावीक नक्षी जागेवर राहते, आकाश त्यावरून एका दिशेने संथपणे सरकतं. स्टॅक करताना तारे एकावर एक बसवले जातात, म्हणजे नक्षीच उलट दिशेने ओढली जाते. रेघा लांब बाजूला समांतर आहेत का बघा. असणार.

उपाय डिदरिंग, म्हणजे फ्रेमांच्या मधे चौकट मुद्दाम थोडी हलवणं. गाइडिंग नसेल तर हाताने: दर १०-१२ फ्रेमनंतर ट्रॅकरच्या किंवा बॉलहेडखालच्या बारीक स्क्रूने चौकट १५-२० पिक्सेल हलवा. १५ पिक्सेल म्हणजे दीड कला, स्क्रूला नुसता स्पर्श. दर वेळी दिशा बदला, एकाच दिशेने हलवलंत तर पुन्हा पाऊस. हलवल्यावर मिनिटभर थांबा. मग स्टॅक करताना साधी सरासरी न घेता सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार दूरची मूल्यं गाळणं) वापरा. दर वेळी वेगळ्या जागी पडलेला गरम पिक्सेल बहुमतात हरतो आणि निघून जातो, उपग्रहांच्या रेघाही त्याबरोबर.

काळोखातला
आणि ते डार्क फेकून द्या. खरंच. डार्क करंट (उष्णतेने सेन्सरमध्ये साचणारा खोटा सिग्नल) दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. दुपारची खोली रात्रीच्या मैदानापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर तुम्ही आहे त्याच्या तिप्पट वजा करताय. गरम पिक्सेलच्या जागी काळे खड्डे पडतात, आणि तेही रेघांमध्ये सामील होतात. डार्क घ्यायचे तर तिथेच, काम संपल्यावर लेन्सला टोपी लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, तेच एक्स्पोजर, तोच आयएसओ, २०-३० नग. कॅमेऱ्यातला लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच ठेवा. तो प्रत्येक फ्रेममागे तेवढ्याच वेळाचा डार्क घेतो आणि निम्मी रात्र खातो.

माझं मत विचाराल तर डार्कपेक्षा फ्लॅट कितीतरी महत्त्वाचे. १३५ मिमी उघडी लेन्स, वर रिंग, म्हणजे मध्य उजळ आणि कडा काळ्या. हा फुगवटा घोड्याच्या पडद्यापेक्षा कित्येक पट मोठा आहे. फ्लॅट नसताना पडदा बाहेर काढायला वक्र ताणला की फुगवटाच ताणला जातो.

फ्लॅट असे: फोकस, रिंग, कॅमेऱ्याचा कोन काहीही न हलवता लेन्सवर सुरकुत्या नसलेलं पांढरं कापड दुहेरी ताणून रबर लावा आणि पहाटेच्या एकसारख्या आकाशाकडे रोखा. किंवा पांढरा पडदा लावलेला टॅबलेट लेन्सवर ठेवा. हिस्टोग्राम मध्यावर. ३० फ्रेम. टॅबलेट वापरलात तर शटर पाव सेकंदापेक्षा छोटं नको, त्याची लुकलुक पट्ट्यांच्या रूपात उमटते. फार उजेड वाटला तर मधे कागद घाला. शिवाय ५० बायस: टोपी लावून, सर्वात जलद शटर, दोन मिनिटांचं काम. बायस वजा न केलेला फ्लॅट नीट भागत नाही.

शततारका
मधेच एक प्रश्न. ट्रॅकरच नसेल तर? तसाच एपीएस-सी कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि साधी तिपाई आहे. ५०० च्या नियमाने (५०० भागिले फोकल लेंथ, ती एपीएस-सीला १.५ पट धरून) ६.७ सेकंद येतात, पण तारे तरीही रेघा होतात.

पुनर्वसू
५०० चा नियम फिल्मच्या काळातला, पिक्सेल मोजत नाही. तुमचा पिक्सेलही ३.९ मायक्रॉनचा असेल तर ५० मिमीला तो १६ विकलांचा. ६.७ सेकंदांत मृगाचे तारे १०० विकला जातात, म्हणजे ६ पिक्सेल. रेघ दिसणारच. एनपीएफ नियम वापरा: ३५ × एफ-क्रमांक, अधिक ३० × पिक्सेलचे मायक्रॉन, भागिले फोकल लेंथ. एफ/२.८ ला (९८ + ११७) ÷ ५० = ४.३ सेकंद. कडक बघायचं तर ३. हाच हिशोब १३५ मिमीला १.६ सेकंद देतो.

५० मिमीला चौकट २६ × १८ अंशांची. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवलीत तर काक्षीपासून (बीटलज्यूस) राजन्यपर्यंत (रायजेल) सगळा मृग बसतो. आयएसओ ३२००, ४ सेकंदांच्या ६०० फ्रेम, म्हणजे ४० मिनिटं. सुरुवातीला मृग चौकटीच्या पूर्व बाजूला ठेवा, तो स्वतः पश्चिमेकडे चालत मध्यातून जाईल. दर १०० फ्रेमनंतर परत मागे आणा, कारण तेवढ्यात तो २ अंश सरकलेला असतो. परत आणताना किंचित वर-खाली करा, आपोआप डिदरिंग होतं. कार्डवर १५-१८ जीबी जागा ठेवा, आणि कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच वापरा.

एम४२ चे पंख आणि ज्वालेची चाहूल यातून येते. बार्नर्डचं कडं (मृगाभोवतीचा मंद लाल, कमानीसारखा तेजोमेघ) मात्र फिल्टर न बदललेल्या कॅमेऱ्यात अशा ४० मिनिटांत येणार नाही, त्याची आशा धरू नका.

रात्रपाळी
ध्रुवतारा क्रॉसच्या मध्यावरच होता. रेघाही लांब बाजूलाच समांतर आहेत. लाल चॅनेल उघडून बघितला, घोड्याच्या जागी एक खाच आहे असं म्हणायला जागा आहे.

दोन प्रश्न उरले. कॅमेऱ्यातला फिल्टर काढून घ्यावा, की समोर ड्युअल नॅरोबँड लावावा? आणि एम४२ चा मध्य कसा वाचवायचा?

काळोखातला
फिल्टर बदलणं हे घोड्यासाठी सगळ्यात मोठं पाऊल आहे, पण पहिलं नाही. अलाइनमेंट, फ्लॅट, डिदरिंग आणि ३ तास हे आधी. तेवढ्यावर न बदललेल्या कॅमेऱ्यातही घोडा ओळखू येईल इतका येतो, विटकरी पडद्यावर.

बदलायचाच असेल तर नुसता काढून मोकळा ठेवू नका. त्या जागी ६५६ सोडणारा पण ७०० च्या पुढचं अवरक्त अडवणारा फिल्टर बसवून घ्या. अवरक्त आत आलं की लेन्स ते त्याच जागी फोकस करत नाही आणि प्रत्येक ताऱ्याभोवती फुगीर वलय येतं. दिवसाचे फोटो नंतर लालसर येतील, व्हाइट बॅलन्स हाताने द्यावा लागेल.

समोरचा ड्युअल नॅरोबँड, म्हणजे ६५६.३ आणि ५००.७ चे दोन अरुंद पट्टे सोडणारा, आकाशाचा उजेड जोरदार कापतो. पण न बदललेल्या कॅमेऱ्यावर फायदा अर्धवट, कारण आतला फिल्टर लाल खातोच. ३० सेकंदांत टेकडी डावीकडे चिकटेल, म्हणजे २-३ मिनिटांचं एक्स्पोजर आणि मग गाइडिंग. तसंच, एम४२ च्या वरचा एनजीसी १९७७ आणि वर ईशान्येचा एम७८ हे ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारे निळे ढग, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. नॅरोबँडने ते मरतात. तुमच्या चौकटीत दोन्ही जाती आहेत, म्हणून मी तो लावणार नाही. जुने सोडियम दिवे कापणारे फिल्टरही आता फारसे उपयोगी नाहीत, एलईडीचा उजेड सगळ्या पट्ट्यांत असतो.

त्रिशंकू
एम४२ चं सांगतो. एका एक्स्पोजरने तो होत नाही, तेजाचा पल्ला फार मोठा आहे. ३० सेकंदांच्या मुख्य संचाबरोबर ८ सेकंदांच्या २० आणि २ सेकंदांच्या २० फ्रेम घ्या, आयएसओ ४०० किंवा ८००. पाच-सात मिनिटांत होतं. तिन्ही संच वेगवेगळे स्टॅक करा, पण संदर्भ फ्रेम एकच ठेवा, म्हणजे एकमेकांवर बरोबर बसतात. मग लांब एक्स्पोजरच्या चित्राचीच उजळ भागाची प्रत काढून ती २०-३० पिक्सेलने धूसर करा आणि मास्क म्हणून वापरा. मास्क धूसर केला नाही तर मध्याभोवती करडं कडं दिसतं. २ सेकंदांच्या संचात एम४२ च्या मध्यातल्या समलंब चौकोनाचे चार तारे १३५ मिमीला वेगळे होतील अशी अपेक्षा नको, ते २० विकलांच्या आत आहेत, म्हणजे तुमचे तीन-चार पिक्सेल. पण मध्याचा हिरवट-निळा रंग परत येतो, तो दोनदा आयनित ऑक्सिजनचा.

अवांतर: हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० ला याच तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं, ५१ मिनिटं शटर उघडं ठेवून.

प्रोसेसिंगचा क्रम: सिरिल प्रोग्राममध्ये स्टॅक, कडा कापा, मग पार्श्वभूमी काढा, मग ताऱ्यांवरून रंगाचं कॅलिब्रेशन, आणि शेवटी ताण. ताणल्यावर पार्श्वभूमी काढायला गेलात तर ती नीट निघत नाही. पार्श्वभूमीचे नमुने घेताना बाण ते एम४२ या पट्ट्यात एकही ठिपका ठेवू नका. प्रोग्रामला आयसी ४३४ चा मंद लाल हा प्रकाशप्रदूषणच वाटतो आणि तो पुसून टाकतो. घोडा इथेच सर्वाधिक वेळा मरतो.

पुनर्वसू
फोकसचं कोणी बोललंच नाही. लेन्सवरची अनंताची खूण विसरा. राजन्य मध्यावर आणा, बाहतिनोव्ह मास्क (फोकससाठी खाचा पाडलेली चकती) लावा, लाइव्ह व्ह्यू १०×, मधली रेघ दोन तिरक्यांच्या बरोबर मधे आली की फोकस रिंगवर चिकटपट्टी. मास्क काढायला विसरू नका, प्रत्येक ताऱ्याला सहा टोकं आली की समजा तो तिथेच आहे. रात्र थंड होते तसा फोकस सरकतो, दर तासाला पुन्हा बघा. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही बंद.

दव पडत असेल तर हीटरची पट्टी लेन्सच्या पुढच्या टोकाला, हूडच्या मुळाशी. पट्टी लावल्यावर फोकस पुन्हा करा, लेन्स गरम झालेली असते.

इंटर्व्हलोमीटरवर (ठरावीक वेळाने शटर उघडणाऱ्या यंत्रावर) ३० सेकंद एक्स्पोजर आणि इंटर्व्हल ३ लिहिण्याआधी तुमचा इंटर्व्हल शटर उघडल्यापासून मोजतो की मिटल्यापासून, ते घरीच पाच फ्रेम घेऊन बघा. उघडल्यापासून मोजणारा असेल तर ३३ लिहावं लागतं, नाहीतर तो प्रत्येक दुसरी फ्रेम गाळतो किंवा अडकून बसतो.